देहदान करायचं ठरवलंय? नागपुरात अर्जापासून डिसेक्शन हॉलपर्यंत काय काय होतं

देहदानाचा अर्ज भरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यातल्या थोड्यांचाच देह प्रत्यक्ष मेडिकल कॉलेजपर्यंत पोचतो. अर्ज कपाटात बँकेच्या कागदांखाली पडून राहतो. माणूस रात्री दोन वाजता जातो, मुलगी पुण्याहून निघते, शेजारचे काका तिरडीच्या सामानाला माणूस धाडतात, आणि राख सावडून आल्यावर कुणाला तरी तो कागद सापडतो. नागपुरातल्या अनेक कुटुंबांसोबत मी या कामात गेले आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: अर्जाने देहदानाची फक्त सुरुवात होते. ते होणार की नाही, हे मृत्यूनंतरच्या पहिल्या पाच-सहा तासांत घरात कोण काय बोलतं यावर ठरतं. आणि घरातले तेव्हा गडबडतात, कारण पुढे त्या देहाचं काय होतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून इथे दोन्ही गोष्टी सांगते, आपण काय करायचं ते आणि कॉलेजात काय होतं तेही.

आधी ठरवा, नेमकं काय द्यायचं आहे

नेत्रदान, अवयवदान आणि देहदान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या सतत एकमेकींत मिसळतात.

अवयवदान म्हणजे मूत्रपिंड, यकृत, हृदय. मृत्यूनंतर ते देता येतं ते मुख्यतः ब्रेन डेड झालेल्या, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या, आणि आयसीयूत व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाचं. त्यासाठी १९९४चा अवयव प्रत्यारोपण कायदा आहे आणि विदर्भात त्याचं समन्वयाचं काम नागपूरची विभागीय समिती करते. तिला सगळे झेडटीसीसी म्हणतात. घरी झोपेत गेलेल्या आजोबांची मूत्रपिंडं कुणाला बसवता येत नाहीत.

नेत्रदान मात्र घरी मृत्यू झाला तरी होतं. सहा तासांच्या आत, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात जितकं लवकर तितकं बरं. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, मधुमेह असो, त्याने सहसा अडत नाही.

देहदान म्हणजे संपूर्ण देह वैद्यकीय शिक्षणासाठी देणं. डोळे दिलेला देह कॉलेज घेतं. अवयव काढलेला देह सहसा घेत नाही आणि त्याला तसंच कारण आहे. देह टिकवायचं रसायन रक्तवाहिन्यांतूनच शरीरभर पोचवायचं असतं. मोठ्या रक्तवाहिन्या कापलेल्या असल्या की ते मध्येच गळून जातं.

माझं सांगणं असं, की तिन्ही संकल्प करून ठेवा. ब्रेन डेडची वेळ आली तर अवयवदानाला पहिला मान, कारण तिकडे कुणीतरी जिवंत माणूस यादीत वाट बघत असतो. तशी वेळ आली नाही तर नेत्रदान आणि देहदान.

कुठे नोंदवायचं

नागपूरकरांना पर्याय भरपूर आहेत. मेडिकल चौकातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपलं ‘मेडिकल’, १९४७ पासूनचं. मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मिहानमधलं एम्स, जिथली पहिली तुकडी २०१८ची. हिंगणा रोडवर डिगडोहला लता मंगेशकर हॉस्पिटलचं कॉलेज. यांखेरीज आयुर्वेद महाविद्यालयांनाही देह लागतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातही शरीररचना शिकवली जातेच. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तर देह गवतात आणि सालींत गुंडाळून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवायचा आणि मग वाळ्याच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर बघायचा, अशी पद्धतच दिली आहे. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्यांना सेवाग्राम आणि सावंगीची मेडिकल कॉलेजं जवळ पडतात.

कॉलेज निवडताना नावापेक्षा अंतर बघा. घरापासून अर्ध्या तासावरचं कॉलेज हे सगळ्यात चांगलं कॉलेज. मेच्या दुपारी पारा ४५च्या वर असताना देह घेऊन शहर ओलांडायचं म्हणजे काय, याचा विचार आज करा.

चौकशी करायची ती कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात, म्हणजे अ‍ॅनाटॉमी डिपार्टमेंटमध्ये. हॉस्पिटलच्या अपघात विभागात किंवा पोस्टमॉर्टेमच्या खोलीजवळ नव्हे. तिथल्यांचं काम वेगळं आणि ते तुम्हाला चार दारं हिंडवतील. कामाच्या दिवशी सकाळी जा आणि तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून आणा: रात्री आणि सुट्टीच्या दिवशी फोन कुणाला करायचा, गाडी कॉलेज पाठवतं की आपण आणायची, आणि मृत्यूनंतर किती तासांपर्यंत देह चालतो. प्रत्येक ठिकाणचं उत्तर थोडं वेगळं असतं.

संकल्पपत्र

यात अवघड काही नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेली कुणीही व्यक्ती भरू शकते, वरची वयोमर्यादा नाही. फोटो, आधारची प्रत, दोन साक्षीदार. साक्षीदारांपैकी एक तरी जवळचा नातेवाईक असावा, आणि शक्यतो तोच, जो त्या दिवशी घरात निर्णय घेणार आहे. गावाकडच्या मावसभावाची सही घेऊन उपयोग नाही. पैसे द्यावे लागत नाहीत आणि मिळतही नाहीत. मध्ये कुणी ‘मी करून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर सरळ विभागात जा.

पेसमेकर, सांध्यातलं रोपण, जुनी मोठी ऑपरेशनं, कावीळ बी किंवा सीचा इतिहास, हे अर्जात जागा नसली तरी वेगळ्या कागदावर लिहून जोडा. मिळालेलं ओळखपत्र पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. संकल्पपत्र घरच्यांना बांधून ठेवत नाही. महाराष्ट्रात १९४९चा अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट आहे, त्याच्या चौकटीत हे काम चालतं. पण प्रत्यक्षात देह ज्यांच्या ताब्यात आहे त्या वारसांची संमती नसेल तर कोणतंही कॉलेज भांडत बसत नाही. केरळचे मार्क्सवादी नेते एम. एम. लॉरेन्स सप्टेंबर २०२४मध्ये गेले, तेव्हा देह मेडिकल कॉलेजला द्यायचा की दफन करायचा यावर त्यांच्या मुलांमध्येच वाद झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. देहदानाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी २०२५मध्ये लागला आणि तोपर्यंत देह तसाच ठेवून द्यावा लागला. एवढ्या मोठ्या माणसाच्या घरी हे होऊ शकतं, तर आपल्याही घरी होऊ शकतं.

घरच्यांशी बोलणं

अर्जापेक्षा याला जास्त वेळ द्या. एकदा बोलून भागत नाही.

मानेवाड्याच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी मी असं बोलणं ऐकलं आहे. दिवाळीला तिन्ही मुलं आली होती. फराळ झाल्यावर बाईंनी विषय काढला. धाकटा मुलगा खाली मान घालून बसला आणि मग एकदम म्हणाला, “आई, कापतील गं तुला ते.” बाई शांतपणे म्हणाल्या, “आणि घाटावर काय करणार होतास रे?” कुणीच काही बोललं नाही. मग मोठ्या मुलीने वही काढली आणि कुणी कुणाला फोन करायचा, कागद कुठल्या कप्प्यात आहेत, मामांना कोण समजावेल, हे सगळं आईच्या समोर लिहून काढलं. बाई गेल्या तेव्हा ती वहीच कामाला आली. धाकट्याने मामांना स्वतः सांगितलं.

घरात विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. अंत्यदर्शन मिळेल का? मिळतं, घरी, नेहमीसारखं. परदेशातला मुलगा येईपर्यंत थांबता येईल का? इथे मात्र मुलाला आधीच सांगून ठेवा. दोन-तीन दिवस थांबायचं ठरलं तर देहदान बहुतेक हातचं जातं. अमेरिकेतल्या मुलाने व्हिडिओ कॉलवर दर्शन घ्यायचं आणि संमतीचा मेल लगेच पाठवायचा, हे त्याच्याशी तो सुट्टीवर आलेला असतानाच बोलून घ्या. आणि शेवटचा प्रश्न, ‘लोक काय म्हणतील?’ यावर माझा अनुभव असा, की घरातला सगळ्यात वडीलधारा माणूस एक वाक्य ठामपणे बोलला की लोक काहीच म्हणत नाहीत. तो माणूस आपल्या बाजूला आहे ना, एवढं बघा.

घरातल्या एखाद्याचा विरोध कायम असेल तर त्याला टाळून अर्ज भरू नका. त्याच्याशी बोलत राहा, किंवा नेत्रदानावर एकमत करून घ्या. तेही मोठंच आहे.

मृत्यूनंतरचे पहिले तास

मृत्यू घरी झाला असेल, आजारपण जुनं असेल आणि तो अपेक्षितच असेल, तर सगळ्यात आधी फॅमिली डॉक्टरांना घरी बोलवा. घाबरून देह उचलून मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेऊ नका. तिथे ‘आणण्यापूर्वीच मृत्यू’ अशी नोंद होते, डॉक्टरांना कारण माहीत नसतं, पोलिसांना कळवलं जातं, पोस्टमॉर्टेम होतं, आणि पोस्टमॉर्टेम झालेला देह कॉलेज घेत नाही. मी पाहिलेली बरीच देहदानं इथेच अडलेली आहेत. मात्र माणूस खरंच गेला आहे का याची शंका असेल तर क्षणभरही थांबू नका, १०८ला फोन करा. जगवण्याची संधी नेहमी आधी.

डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र घ्या. घरी झालेल्या मृत्यूसाठी त्याचा नमुना ‘४ अ’ असतो, हॉस्पिटलमधल्या मृत्यूसाठी नमुना ‘४’. नुसतं लेटरहेडवर ‘मृत घोषित’ असं लिहिलेलं असेल तर मृत्यूचं कारणही लिहून मागा. घरात फार म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर डॉक्टरांशी हे आधीच बोलून ठेवा. ज्यांनी अलीकडे तपासलेलंच नाही ते डॉक्टर प्रमाणपत्र द्यायला कचरतात आणि त्यांचंही बरोबर असतं.

डॉक्टर येईपर्यंत डोळे हलक्या हाताने मिटवा, पापण्यांवर ओला स्वच्छ कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा आणि एसी असेल तर लावा. हनुवटीखालून कापडी पट्टी बांधा. हातपाय सरळ करा, कारण दोन-तीन तासांत शरीर ताठरायला लागतं आणि उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. दागिने काढून घ्या. मग दोन फोन: आधी नेत्रपेढीला, लगेच कॉलेजला. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, त्यांचं काम वीसेक मिनिटांत होतं, चेहरा विद्रूप होत नाही.

मृत्यू रात्री झाला तर कॉलेज बहुतेक वेळा सकाळी आणायला सांगतं. तोपर्यंत देह थंड ठेवणं आपल्या हातात आहे. भाड्याची शीतशवपेटी आपल्याकडे सहज मिळते. ती फक्त गार राहील इतपत ठेवा, देह गोठू देऊ नका. गोठलेल्या शरीरात रसायन नीट शिरत नाही. पेटी मिळाली नाही तर एसीची खोली आणि बाजूंनी बर्फाच्या लाद्या. जानेवारीत हे निभतं. एप्रिल ते जूनमध्ये काही तासांतच पोट फुगायला लागतं आणि मग कॉलेजचा नाइलाज होतो.

कॉलेजमध्ये जाताना सोबत असू द्या: मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, मृत व्यक्तीचं आणि नेणाऱ्या नातेवाइकाचं आधार, संकल्पपत्र असेल तर ते, आणि जवळच्या वारसांची लेखी संमती. संकल्पपत्र सापडलं नाही तरी थांबू नका. मृत व्यक्तीने अर्ज भरलेला नसला तरी वारसांच्या संमतीने देहदान होऊ शकतं, फक्त फोनवर तसं आधी सांगा. कुठे कुठे पोलीस ठाण्याचं ना-हरकत पत्रही मागतात. हेही चौकशीच्या वेळीच विचारून ठेवा.

कॉलेज केव्हा नाही म्हणतं

अपघात, आत्महत्या, जळणं, विषबाधा, संशयास्पद मृत्यू: ही सगळी पोलीस प्रकरणं, देहदान नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सक्रिय क्षयरोग, शरीरभर पसरलेला जंतुसंसर्ग, गँगरीन: नाही, कारण देह हाताळणाऱ्यांना धोका. कोविडच्या काळात तर देहदान जवळपास थांबलंच होतं. मोठे कुजलेले बेडसोर्स, फार जास्त वजन, नुकतंच झालेलं मोठं ऑपरेशन यांबाबत विभाग देह बघून किंवा फोनवर विचारून ठरवतो. कर्करोगाचंही तसंच, सरसकट नकार नसतो.

नकार आला तर तो त्या माणसाचा अपमान नव्हे, आणि घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये. घाटाचा पर्याय डोक्यात तयार ठेवावा. अंबाझरी, मोक्षधाम, गंगाबाई, मानेवाडा, जिथे एरवी गेला असता तिथे.

विधींचं काय

जे करायचं ते घरी करा. आंघोळ, नवं वस्त्र, हार, तुळशीपत्र, आरती, बौद्ध कुटुंबात त्रिशरण-पंचशील आणि वंदना, ख्रिस्ती घरात प्रार्थना, सगळं होतं. फक्त तोंडात, नाकात काही कोंबू नका, हळद-कुंकू-गुलाल अंगभर टाकू नका, आणि वेळ लांबवू नका. दहावा, तेरवी ज्यांना करायची ते करतातच. देह हाती नसताना दर्भाची किंवा पळसाच्या पानांची प्रतिमा करून दहन करण्याचा पालाशविधी शास्त्रात आहेच, आणि तो करणारे गुरुजी नागपुरात मिळतात. काही घरांत तेरवीऐवजी शोकसभा होते. माझ्या मते हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. देहदान करणाऱ्याने सगळे विधी सोडलेच पाहिजेत असा आग्रह धरला तर आपण उगाच एक दार बंद करतो. संघाच्या नानाजी देशमुखांचा देह २०१०मध्ये दिल्लीच्या एम्सला दिला गेला. त्याच वर्षी कम्युनिस्ट नेते ज्योती बसूंचा देह कोलकात्याच्या हॉस्पिटलला. दोघांच्या विचारांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं.

देह कॉलेजात पोचल्यावर

सगळ्यात जास्त भीती याच भागाची असते, म्हणून जरा सावकाश सांगते.

आधी कागद तपासले जातात, देह बघितला जातो, नोंदवहीत नोंद होते आणि देहाला क्रमांक मिळतो. इथून पुढे त्या देहाची ओळख म्हणजे तो क्रमांक. विद्यार्थ्यांना नाव सांगत नाहीत. घरच्यांना देह मिळाल्याचं पत्र दिलं जातं. ते जपून ठेवा, त्याचं काम पुढे आहे. एकदा देह स्वीकारला की तो परत मागता येत नाही.

मग एम्बामिंग, म्हणजे देह टिकवण्यासाठी त्यात रसायन भरणं. डोक्याचे केस काढतात, देह स्वच्छ धुतात. जांघेत छोटा छेद घेऊन तिथली मोठी रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी) मोकळी करतात आणि तिच्यात नळी बसवतात. फॉर्मालिन, अल्कोहोल, ग्लिसरीन, फिनॉल यांचं मिश्रण, साधारण ८ ते १० लिटर, पंपाने किंवा उंचावर टांगलेल्या बाटलीतून सावकाश सोडतात. ज्या वाटांनी आयुष्यभर रक्त फिरलं त्याच वाटांनी आता हे द्रव फिरतं. काम करणारा अनुभवी कर्मचारी हाताची बोटं, पोटऱ्या, गाल दाबून बघत असतो. जिथे पोचलं तिथली कातडी भरून येते, घट्ट लागते. जिथे पोचलं नाही तिथे वेगळ्या सुईने थेट देतात. याला काही तास लागतात. फॉर्मालिन प्रथिनांना जागच्या जागी घट्ट बांधून ठेवतं आणि जंतूंना वाढू देत नाही, ग्लिसरीन देह कोरडा पडू देत नाही.

त्यानंतर देह रसायनाच्या टाकीत किंवा शीतगृहात राहतो, काही महिने, कधी वर्षभरसुद्धा. या काळात रंग करडा-तपकिरी होतो, कातडी चामड्यासारखी होते, चेहऱ्याची ठेवण बदलते. ओळखीच्या माणसानेही सहज ओळखू नये, इतकी.

नवी बॅच आली की पहिल्या दिवशी डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे देह थराथराने उघडून शरीररचना शिकतात त्या दालनात, शपथ होते. २०१९पासून एमबीबीएसचा जो नवा अभ्यासक्रम आला, त्यात देहाशी आदराने आणि योग्य पद्धतीने कसं वागायचं हे शिकणं हाच एक घटक आहे. बऱ्याच ठिकाणी फुलं वाहिली जातात. मोबाइलवर फोटो काढायला सक्त मनाई असते. ‘हा तुमचा पहिला गुरू आणि पहिला रुग्ण’ हे वाक्य प्रत्येक शिक्षक आपापल्या शब्दांत सांगतोच.

स्टीलच्या टेबलावर देह ओल्या कापडात गुंडाळलेला असतो. जो भाग शिकायचा तेवढाच उघडा करतात, बाकीचा झाकलेला राहतो, म्हणजे तो वाळत नाही. आदराच्या दृष्टीनेही मला ते योग्यच वाटतं. टेबलाभोवती दहा-पंधरा, कुठे वीस विद्यार्थी. फॉर्मालिनच्या वासाने सुरुवातीला डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. बहुतेक ठिकाणी सुरुवात हातापासून, छातीच्या वरच्या भागातून आणि काखेतून होते. काखेत नसांचं, म्हणजे मज्जातंतूंचं, एक जाळं असतं, त्यातून पुढे हाताच्या सगळ्या नसा निघतात. पुस्तकात ते लाल-पिवळ्या रेघांनी स्वच्छ काढलेलं असतं. प्रत्यक्षात ते चरबीत आणि पातळ पडद्यात गुरफटलेलं सापडतं आणि चिमट्याने एकेक धागा मोकळा करताना विद्यार्थ्याचे तासन् तास जातात. त्या तासांत त्याच्या हाताला कळतं, की नस दोरीसारखी घट्ट लागते, शीर (हृदयाकडे रक्त परत नेणारी वाहिनी) चपटी पडते, रोहिणीची भिंत जाड असते. उद्या मनगट कापलेला कामगार रात्री समोर येईल तेव्हा बोटांना हेच आठवणार असतं.

हातानंतर पाय, छाती, पोट, डोकं-मान, मेंदू असं वर्षभर चालतं. दोन देह सारखे नसतात, हा यातला सगळ्यात मोठा धडा. एखाद्याच्या कोपर आणि मनगटामधला एक बारीक लांब स्नायू जन्मतःच नसतो, एखाद्याच्या मूत्रपिंडाला जाणाऱ्या रोहिण्या एकीऐवजी दोन निघतात. कुणाच्या हृदयाच्या वाहिन्यांत चुना साठलेला हाताला लागतो. संगणकावरचं आभासी डिसेक्शन आता आलं आहे आणि उजळणीला ते उत्तम आहे. पण ते सगळ्यांना एकच शरीर दाखवतं.

कॉलेजांना दानाखेरीज बेवारस देहही मिळतात, पण त्यांत पुरुषांचेच जास्त येतात. त्यामुळे स्त्रीचं शरीर नीट बघायला मिळणं अवघड होतं आणि गर्भाशय, स्तन यांची रचना विद्यार्थी चित्रांवरून शिकतात. म्हणून बायकांनी देहदानाचा विचार करावा असं मी मुद्दाम सांगते. मेडिकलला एमबीबीएसच्या एका वर्षात २५० जागा आहेत. तेवढ्यांना पुरेल इतके देह लागतात, आणि वर पदव्युत्तरचे विद्यार्थी.

सगळे देह पहिल्या वर्षाच्याच टेबलावर जातात असं नाही. काही शस्त्रक्रियेच्या सरावासाठी ठेवतात. कानाच्या आतलं ऑपरेशन शिकणारे डॉक्टर कानामागच्या हाडावर सूक्ष्मदर्शकाखाली ड्रिल चालवायला शिकतात, अस्थिरोगतज्ज्ञ गुडघ्यात दुर्बीण घालायला. फॉर्मालिनने देह कडक होतो, म्हणून अशा सरावासाठी मऊ राहणारी वेगळी पद्धत वापरतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वाल्टर थील यांनी ती १९९२मध्ये मांडली. काही ठिकाणी ताजा देह गोठवून ठेवतात आणि सरावाआधी बाहेर काढतात.

शेवटी काय उरतं

एक-दोन वर्षांनी, कधी त्याहून जास्त काळाने, त्या देहाचं शिकवणं संपतं. हाडं बहुतेक वेळा राखून ठेवतात. ती स्वच्छ करून, वाळवून त्यांचे संच होतात आणि पुढची कितीतरी वर्षं विद्यार्थी हातात घेऊन शिकतात. एखादा अवयव विशेष असेल, म्हणजे दुर्मिळ रचनेचा किंवा आजाराची खूण दाखवणारा, तर तो विभागाच्या संग्रहालयात बरणीत जातो. प्लॅस्टिनेशनची सोय असेल तर त्यातलं पाणी आणि चरबी काढून जागी प्लॅस्टिकसारखं रसायन भरतात, मग तो अवयव कोरडा, बिनवासाचा राहतो आणि उघड्या हाताने बघता येतो. उरलेल्या भागांची दहन किंवा दफन करून विल्हेवाट लावली जाते.

अस्थी किंवा राख घरच्यांना परत मिळते का, असं हमखास विचारतात. आपल्याकडे सहसा नाही. एखाद्या घराला रामटेकच्या अंबाळ्यात अस्थिविसर्जन झाल्याशिवाय चैनच पडणार नसेल, तर अर्ज भरतानाच विभागप्रमुखांशी बोला. विसर्जनासाठी कापलेली नखं-केस घरी ठेवून घेणारी कुटुंबं मी पाहिली आहेत.

एका कॉलेजकडे देह जास्त झाले तर ते दुसऱ्या कॉलेजला दिले जाऊ शकतात. आपला देह त्याच कॉलेजात राहावा असं वाटत असेल तर अर्जावर तसं लिहून बघा, पण अट घालू नका.

मृत्यूचा दाखला

एरवी दाखल्यासाठी घाटावरची नोंद आणि पावती उपयोगी पडते. इथे घाटच नसतो. म्हणून कॉलेजने दिलेलं देह स्वीकारल्याचं पत्र आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन मनपाच्या आपल्या झोन कार्यालयात जायचं. नागपुरात असे दहा झोन आहेत. जिथे मृत्यू झाला तो भाग ज्या झोनमध्ये येतो, तिथे जायचं. मृत्यू हॉस्पिटलमध्ये झाला असेल तर माहिती हॉस्पिटलच कळवतं, तरी ती गेली का हे विचारा. २१ दिवसांच्या आत नोंद झाली पाहिजे, त्यानंतर विलंबशुल्क आणि जादा कागद. खिडकीवरच्या बाबूने ‘घाटाची पावती कुठे आहे?’ विचारलं तर गोंधळू नका, कॉलेजचं पत्र पुढे करा. पेन्शन, बँक, विमा, घराचा फेरफार, प्रत्येक ठिकाणी प्रत लागते, तेव्हा दाखल्याच्या प्रती एकदमच जास्त घ्या आणि कॉलेजच्या पत्राच्या झेरॉक्सही.

मध्येच काही बदललं तर

मत बदललं तर विभागाला साधं पत्र द्या, संकल्प रद्द होतो, कारण सांगावं लागत नाही. मुलाकडे पुण्याला किंवा हैदराबादला कायमचं राहायला गेलात तर तिथल्या जवळच्या मेडिकल कॉलेजात नवा अर्ज भरा. नागपूरचं ओळखपत्र दाखवून तिथे मदत होते, पण तिथली नोंद असली की रात्रीचा फोन सोपा जातो. प्रवासात मृत्यू झाला तर जिथे असाल तिथल्या कॉलेजला फोन करायचा, देह नागपूरला आणायचा नाही. साक्षीदार म्हणून सही केलेला माणूस आधी गेला तर दुसऱ्या कुणाला तरी तयार करा. आणि कॉलेजचे फोन नंबर वर्षातून एकदा लावून बघा. विभागातली माणसं बदलतात, निवृत्त होतात, आणि अर्जावर छापलेला नंबर नेमका नको त्या रात्री बंद लागतो.